गाणी कोणाची, दुकान कोणाचं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. रिटायर झाल्यावर वेळच वेळ असतो असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, त्यांना सध्या शोधतोय. असो.

आजचं निमित्त माझा भाचा. रोह्याला असतो. धाटावच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअरचं कॉम्प्युटरचं काम बघतो. महिन्याभरापूर्वी एका रविवारी सकाळच्या गाडीने तो पेणला आला. एकटाच, न कळवता, पाठीला लॅपटॉपची बॅग. भाचा असा न कळवता आला की मामाने ओळखावं, काहीतरी काम आहे. पोहे झाले (पेणचेच हो, दुसरे आमच्याकडे चालत नाहीत), चहा झाला, आणि मग त्याने लॅपटॉप उघडला.

त्याने एक अ‍ॅप तयार केलंय. रायगड जिल्ह्यातली सगळी गाणी एका जागी. आगरी-कोळी गाणी, शक्ती-तुऱ्याचे सामने, गावोगावची भजनं, लग्नातले धवले, आणि जोडीला मराठी-हिंदी सिनेमातली गाणी, कारण "त्याशिवाय लोक थांबत नाहीत, मामा". फोनवर नाव शोधायचं, बोट लावायचं, की गाणं सुरू. विकत घ्यायला नको, उतरवून ठेवायला नको. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात हे एव्हाना माझ्यासारख्यालाही ठाऊक आहे. चार महिन्यांत काही हजार लोकांनी ते अ‍ॅप घेतलं होतं. आखातात नोकरीला गेलेली आपल्याकडची मुलं रात्री ऐकतात, असं तो सांगत होता. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला.

मग मुद्द्यावर आला. "मामा, नोकरी सोडून ह्यातच उतरावं म्हणतोय. पाचेक लाख लागतील. तुमचे फंडाचे पैसे आलेत ना?"

मी एकच विचारलं, "ही गाणी कोणाची?"

"कोणाची म्हणजे? नेटवरच होती. आता सगळ्यांचीच आहेत ती."

हे उत्तर मी पूर्वी ऐकलेलं होतं. म्हणजे मीच दिलेलं होतं, १९९६ साली, पोलिसांना.

नातेवाईक मंडळी इथे थांबली असतील. थांबाच जरा. तुमच्यापैकी बहुतेकांना माझं पेणमधलं कॅसेटचं दुकान आठवत असेल. १९८८ साली काढलं. एक गाळा, एक डबल डेक, दोन स्पीकर, आणि भिंतभर कॅसेटी. ओरिजिनल कॅसेटीही विकायचो, पण दुकान चालायचं ते कॅसेट भरून देण्यावर. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. साठ मिनिटांची की नव्वदची ते ठरायचं, मी दोन दिवसांत भरून द्यायचो. ए बाजूला दुःखी, बी बाजूला आनंदी, असं सांगणारी गिऱ्हाइकं असायची. लग्नसराईत तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डेक चालू. हमरापूर, जोहे, वडखळ, पार नागोठण्यापासून लोक यायचे. गणपतीच्या कारखान्यांत तर माझ्याच कॅसेटी. रंगकाम करणारी पोरं दिवसभर ऐकायची आणि महिन्याभरात टेप झिजवून नवी भरायला यायची.

मला वाटायचं, काय धंदा आहे! माल कधी संपतच नाही. एक गाणं हजार वेळा विकलं तरी माझ्याकडे शिल्लक आहेच.

१९९६च्या पावसाळ्यात एका कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन आली. डेक गेला, भरलेल्या कॅसेटी गेल्या, कोऱ्यासुद्धा गेल्या. मी म्हणालो, "साहेब, गाणी काय, सगळ्यांचीच असतात." साहेब हसले. पुढे काय झालं त्याचा तपशील नको, पण दुकान संपलं. घरी आणि तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की मालकाला गाळा परत हवा होता. ते खोटं होतं. आज जवळजवळ तीस वर्षांनी इथे लिहून टाकतोय. का, ते शेवटी सांगतो.

तर भाच्याला मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं, महिनाभर दे. आणि महिनाभर ह्या धंद्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यातून जी काही मतं झाली ती मांडतोय. पटली नाहीत तर सांगा, माझं शिक्षण डबल डेकपुरतंच आहे. :-)

सुरुवात एका आपल्याच माणसांच्या गोष्टीने करतो. स्वप्नील शिंदे आणि स्नेहल शिंदे हे पुण्याचे जुळे भाऊ. २००७ साली त्यांनी भारतीय गाणी ऐकवणारी एक साइट सुरू केली. नाव काय, तर 'धिंगाणा'! मला तर नावच आवडलं. त्या काळात आपल्याकडे फोनवर गाणी ऐकायची म्हणजे मेमरी कार्ड भरून आणायचं. नेट मुंगीच्या पावलाने चालायचं. अशा वेळी ह्या पोरांनी हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतली गाणी जगभर ऐकवली. पुण्यात आणि अमेरिकेत ऑफिसं झाली. मोठ्या गुंतवणूकदारांनी पैसे घातले. २०१२ साली सत्तर लाख डॉलर आले. ऐकणारे लाखांनी. म्हणजे आजकालच्या स्टार्टअपवाल्यांच्या भाषेत जे जे व्हायला हवं ते सगळं झालेलं.

आणि २०१४च्या फेब्रुवारीत धिंगाणा बंद झाला.

कारण काय? लोक सोडून गेले का? नाही. सॉफ्टवेअर वाईट होतं का? नाही. बातम्यांत आलं ते असं की टी-सीरीजने त्यांच्याबरोबरचा करार पुढे चालू ठेवला नाही. हिंदी सिनेमाच्या नव्या गाण्यांचा केवढा मोठा वाटा त्या एका कंपनीकडे आहे, हे वेगळं सांगायला नको. दुकानाची अर्धी मांडणी रिकामी झाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणारच. पुढच्याच महिन्यात 'आरडिओ' नावाच्या अमेरिकन कंपनीने धिंगाणा विकत घेतलं. ती कंपनी स्काइप काढणाऱ्यांनीच काढलेली, म्हणजे लहानसहान नाही. पण २०१५च्या नोव्हेंबरात तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचं बरंचसं सामान 'पॅंडोरा'ने साडेसात कोटी डॉलरला उचललं.

माझा पहिला मुद्दा इथेच आहे. ह्या धंद्यात लोकांना वाटतं की ऐकणारे जमवणं कठीण. ते कठीण नाही हो. चांगली गाणी फुकट वाजवली तर माझ्या गाळ्यासमोरही गर्दी व्हायची. कठीण आहे ते गाणं तुमच्याकडे राहणं. आज आहे, करार संपला की उद्या नाही.

रोहेकरांना हे रेल्वेच्या भाषेत सांगितलं की पटकन कळेल. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि तिथूनच पुढे कोकण रेल्वे सुरू होते. मुंबईहून गाडीत बसलेल्या माणसाला रोहा कधी गेलं हे झोपेत कळतही नाही, कारण दोन रेल्वेंमध्ये करार आहेत. पण समजा एखाद्या वर्षी एक जण म्हणाला, आमच्या रुळावर तुमची गाडी नको. तर गाडी कितीही चकचकीत असो, प्रवासी कितीही असोत, ती कोलाडला पोचणार नाही. शिंदे बंधूंची गाडी उत्तम होती. रूळ दुसऱ्याचे होते.

कोणी म्हणेल, रेडिओवाले कसे वाजवतात मग? मलाही हाच प्रश्न पडला होता. तर रेडिओ आणि टीव्हीसाठी कायद्यात एक सोय आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती आली. ठरवून दिलेल्या दराने पैसे भरा आणि वाजवा, मालकाला अडवता येत नाही. नेटवर गाणी ऐकवणाऱ्यांनीही ही सोय आपल्याला लागू आहे असं म्हणून पाहिलं. एअरटेलचं 'विंक' आणि 'टिप्स' ही गाण्यांची कंपनी यांच्यात मुंबई उच्च न्यायालयात खटला झाला. २०१९ साली कोर्टाने सांगितलं, ही सोय नेटवरच्या स्ट्रीमिंगला नाही. २०२२ साली खंडपीठानेही तेच कायम केलं. म्हणजे एअरटेलएवढ्या कंपनीलाही गाण्याच्या मालकापुढे बसून भावच करावा लागतो. आमचा भाचा तर धाटावला स्टोअरमध्ये आहे.

आता दुसरा मुद्दा, हिशोबाचा. माझ्या दुकानात एक कॅसेट भरली की एकदा खर्च आणि एकदा पैसे. स्ट्रीमिंगमध्ये तसं नाही. तिथे गिऱ्हाईक जितकं जास्त ऐकेल तितकं देणं वाढतं. गाण्याच्या मालकाला वाटा द्यायचा, कित्येकदा वर्षाची ठराविक रक्कम आधीच कबूल करायची, सर्व्हरचं भाडं द्यायचं. आणि आपला माणूस महिन्याला शंभर रुपये द्यायला दहा वेळा विचार करतो. मग जाहिराती. जाहिरातीतून येतात पैसे, पण एका गाण्यामागे मोजायला गेलात तर चिल्लर. चहाच्या टपरीवाल्याला जितकी गर्दी तितका फायदा. इथे जितकी गर्दी तितका जास्त तोटा, असंही होऊ शकतं.

स्वीडनच्या 'स्पॉटिफाय'चंच बघा. सगळ्या जगात पहिला नंबर. तिची सेवा २००८ साली सुरू झाली आणि अख्ख्या वर्षाचा नफा पहिल्यांदा दिसला तो २०२४ साली. सोळा वर्षं! जे पैसे येतात त्यातले साधारण दोन-तृतीयांश गाण्यांच्या मालकांकडे जातात, असं कंपनी स्वतःच सांगते. उरलेल्या एक-तृतीयांशात पगार, सर्व्हर, जाहिरात सगळं.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 'गाना' हे टाइम्स समूहाने २०१० साली काढलं. २०१८ साली टेन्सेंट ह्या चिनी कंपनीच्या पुढाकाराने त्यात साडेअकरा कोटी डॉलर आले. कोट्यवधी लोक ऐकत होते. २०२२ साली फुकट ऐकवणं परवडेना म्हणून फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवलं. आणि २०२३च्या डिसेंबरात त्याच समूहातल्या रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या कंपनीने तो धंदा घेतला तो पंचवीस लाख रुपयांना. कोटी नाही, लाख. मी दोनदा वाचलं. पेणला आज तेवढ्यात धड फ्लॅट तरी येईल का, शंका आहे.

त्याच्या आधी फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं गाणी विकायचं दुकान काढलं होतं. २०१२च्या फेब्रुवारीत उघडलं, २०१३च्या जूनमध्ये बंद. मघाचं एअरटेलचं विंक, तेही २०२४ साली बंद करायचं ठरलं. ही सगळी खोल खिशांची माणसं. तेव्हा भाचा मला म्हणाला, "मामा, पैसे असले की जमेल", तर मी त्याला ही यादीच वाचून दाखवली. पैसे असलेल्यांनाही जमलं नाही. टिकले ते एकतर ज्यांच्या पाठीशी दुसरा मोठा धंदा उभा आहे ते, किंवा ज्यांच्याकडे गाणीच आहेत ते.

गाणी ज्यांच्याकडे आहेत त्यांचं बघायचं तर सारेगामा. म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रेकॉर्डिंग पडून होती. २०१७ साली तिने 'कारवां' नावाचा जुन्या रेडिओसारखा डबा काढला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली. नेट नको, काही नको. आमच्या पिढीने तो भराभर घेतला. आमच्या घरीही आहे, मुलीने दिलेला. मी तो पहिल्यांदा लावला तेव्हा मनात आलं, अरे, हे तर माझंच दुकान! यादी करून गाणी भरून देणं. फरक एवढाच की ह्यांना पोलीस विचारायला येणार नाहीत.

पण मालकही काही आभाळातून पडलेले नसतात. टी-सीरीजचे गुलशनकुमार ऐंशीच्या दशकात वर आले ते स्वस्त कॅसेटींवर, आणि जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन. त्या वेळच्या कायद्यात काही अटींवर तशी मोकळीक होती, तिचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. आणि गीतकार-संगीतकारांना तर रॉयल्टीत हक्काचा वाटा राखून ठेवणारी तरतूद यायला २०१२ साल उजाडलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलत होते. म्हणजे वर्षानुवर्षं गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा बाहेर, आणि डबा विकणारा आत. तेव्हा मालक म्हणजे देव आणि अ‍ॅपवाला म्हणजे चोर, असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते एवढंच, की धंद्यात पाऊल टाकण्याआधी माल कोणाचा आहे आणि तो किती दिवस आपल्याकडे राहणार आहे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. बाकी सगळं, डिझाइन, जाहिरात, लोगो, त्यानंतर.

पेणच्या माणसाला हे खरं तर शिकवायला नको. आमच्याकडचा गणपतीचा कारखानदार बघा. शाडू बाहेरून येतो, प्लास्टर बाहेरून येतं, रंगही बाहेरचे. मग त्याचं स्वतःचं काय? साचा त्याचा, हात त्याचा, आणि डोळ्यांची आखणी त्याची. कच्ची, न रंगवलेली मूर्ती घेऊन जाणारे व्यापारी वेगळे आणि आखणीसाठी एका विशिष्ट कारखान्यातलीच मूर्ती हवी म्हणून वर्षानुवर्षं येणारं गिऱ्हाईक वेगळं. पहिला दोन रुपये स्वस्त मिळालं की दुसरीकडे जातो. दुसरा जात नाही. शिवाय मातीवाल्याने एकदा माती विकली की गणपती बसल्यावर तो ती परत मागायला येत नाही! गाणंवाला येतो. करार संपला की माती परत द्या म्हणतो, मूर्तीसकट.

अर्थात कारखानदारालाही बाहेरचा फटका बसतोच. प्लास्टरच्या मूर्तींवरून २०२० साली केंद्रीय प्रदूषण मंडळाची नियमावली आली, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२५ साली मूर्ती बनवायला परवानगी पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, इथवर गोष्ट आली. त्या काळात इथले कितीतरी लोक झोपले नसतील. पण ज्याच्या हातात आखणी होती तो शाडूकडे वळू शकला. ज्याच्या हातात फक्त साठा होता त्याला वळायला जागा नव्हती.

आता भाच्याकडे येतो. त्याच्या अ‍ॅपमध्ये तीन हजारांवर गाणी होती. त्यातली बहुतेक उचललेली. सिनेमाची तर सोडाच, पण आगरी-कोळी गाण्यांचेही आज गायक आहेत, निर्माते आहेत, त्यांचे स्वतःचे यूट्यूब चॅनेल आहेत. त्या पोरांनी कर्ज काढून गाणी केलेली असतात. ती उचलणं म्हणजे मोठ्या कंपनीला हात लावणं नव्हे, आपल्याच शेजाऱ्याच्या परसातून भाजी खुडणं.

पण त्या ढिगाऱ्यात चाळीसेक गाणी अशी होती जी त्याने स्वतः रेकॉर्ड केलेली. धवले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आगरी लग्नांत धवलारीण असते. लग्नाचा एकेक विधी ती गाण्यातून पुढे नेते. हळद असो, मांडव असो, प्रत्येकाचं वेगळं गाणं. कुठे लिहिलेलं नसतं, सासूकडून किंवा आईकडून तोंडी आलेलं. आता लग्नात डीजे असतो आणि धवलारीण मिळत नाही. मिळाली तर सत्तरीच्या पुढची. भाच्याने मित्राच्या आजीच्या घरी बसून, पंखा बंद करून, फोनवर ती गाणी घेतली होती. मागे कोंबड्यांचा आवाज आहे. मी ती ऐकली आणि म्हटलं, हा बघ तुझा साचा. हे दुसऱ्या कोणाकडे नाही.

तो खूश झाला. म्हणाला, "आणि ह्याला कॉपीराइटही नाही, मामा. पारंपरिक आहेत ना!"

इथे मी जरा आवाज चढवला. गाणं परंपरेचं असेल, पण गळा त्या म्हातारीचा आहे. आपल्या कायद्यातही गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर पन्नास वर्षं हक्क असतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क साठ वर्षं. आणि कायदा नसता तरी? तिने घरी बोलावलं, चहा दिला, दोन तास गायली. तिला माहीत होतं का, की ते आखातात ऐकलं जाणार आहे आणि मधे जाहिरात वाजणार आहे? ज्या 'फुकट'ने माझं दुकान बुडालं तोच 'फुकट' तू तिच्या ओसरीवरून घेऊन आलायस. मोठ्याचं उचललं की पोलीस येतात, गरिबाचं उचललं की कोणी येत नाही, एवढाच फरक.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्हाला बोलायला सोपं आहे मामा. तुम्ही कधी धंदा केला असतात तर कळलं असतं."

त्याला माझं दुकान माहीतच नव्हतं. म्हणजे होतं, पण 'गाळा गेला म्हणून बंद झालेलं दुकान' एवढंच. तेव्हा मी त्याला १९९६ची गोष्ट सांगितली. घरात पहिल्यांदा. आणि हेही सांगितलं की डबल डेकला आणि गाळ्याच्या डिपॉझिटला जे आठ हजार लागले होते ते त्याच्या वडिलांनी दिले होते, १९८८ साली, स्वतःच्या पगारातून साठवलेले. मी ते पुढे नोकरी लागल्यावर हप्त्याने फेडले, पण ते बुडाले कशामुळे ते भाऊजींना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आता ते नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. पाच लाख मी देणार नाही. एक लाख देईन, आणि तेही नोकरी न सोडता. त्यातून बरा रेकॉर्डर घ्यायचा, शनिवार-रविवार गावं फिरायची. प्रत्येक धवलारणीला जाण्याआधी ठरलेले पैसे द्यायचे, हातात, आणि मराठीत एक पानाचा कागद करायचा: गाणं कुठे वाजणार, पैसे आले तर तिचा वाटा किती. वाचता येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्यायचा. उचललेली गाणी काढून टाकायची. सगळी. ज्या आगरी-कोळी गायकांनी हो म्हटलं त्यांचीच ठेवायची.

"मग अ‍ॅपमध्ये उरलं काय?" त्याने विचारलं.

चाळीस गाणी उरली. ऐकणारे काही हजारांवरून काही शेकड्यांवर येतील, हे मलाही कळतं. कदाचित ह्याचा कधीच धंदा होणार नाही, एक छंदच राहील. ह्यावर तो माझ्यावर नाराज आहे आणि ताई तर दोन आठवडे फोनवर फक्त 'हं' म्हणतेय. तिचं म्हणणं, पोराच्या पंखांना मी कात्री लावली. लावली असेन. पण ते शिंदे बंधू बघा. धिंगाणा संपल्यावर त्यांनी 'मेझी' नावाची प्रवासाच्या कामाची कंपनी काढली, २०१८ साली ती अमेरिकन एक्सप्रेसने घेतली. मग 'झेनी' काढली, हिशोब लिहिण्याच्या कामाची. दोन्ही वेळा गाण्यांच्या वाटेला गेले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. पहिला धंदा बुडाला म्हणून माणूस बुडत नाही, पण का बुडाला हे त्याने स्वतःशी खरं सांगायला हवं. मी ते सांगितलं नाही. 'गाळा गेला' म्हणत राहिलो, आणि म्हणूनच माझ्या दुकानातून माझ्या भाच्यालासुद्धा काही शिकायला मिळालं नाही.

म्हणून हे सगळं इथे लिहिलं. ताई, तू हे वाचशील, मला माहीत आहे. भाऊजींना सांगायचं राहिलं ते तुला सांगतोय. रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरावर नको. त्याने काल रात्री फोन केला होता. गाणी काढून टाकली म्हणाला, दोन तास लागले. आणि येत्या रविवारी नागोठण्याच्या बाजूला एका आजींकडे जायचंय, कागद कसा लिहायचा ते विचारत होता.

मी जाणार आहे त्याच्याबरोबर. पंखा बंद करायला कोणीतरी हवंच ना.

तुमच्यापैकी कोणाच्या गावात धवलारीण असेल, किंवा असे तोंडी चालत आलेले गाण्याचे प्रकार असतील, तर जरूर कळवा. आणि माझं चुकलं असं वाटत असेल तर तेही.